१३७ आणि ४७५ किलोहर्ट्झसाठी अँटेना: तांबे जमिनीत घालावे की वर ताणावे?

दीर्घलहर

सर्वांना नमस्कार. आजवर मी हौशी रेडिओच्या १६० मीटरच्या (सुमारे १.८ मेगाहर्ट्झ) पट्ट्यावर काम करीत आलो आहे आणि आता त्याखालच्या दोन पट्ट्यांवर, म्हणजे ६३० मीटर (४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ) आणि २२०० मीटर (१३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ) यांवर उतरण्याची तयारी करीत आहे. खांबाची उंची १० मीटर आहे आणि त्याच्या माथ्यावरून ३० मीटर आडवी तार ताणता येईल. खाली साधारण ३० मीटर लांब व २० मीटर रुंद मोकळी जमीन आहे. उंची यापुढे वाढवता येणार नाही.

माझा प्रश्न असा आहे की हाताशी असलेले मर्यादित तांबे कोठे खर्च करावे: खोल अर्थ रॉडमध्ये, जमिनीवर पायथ्यापासून आऱ्यांसारख्या पसरलेल्या तारांमध्ये, म्हणजे रेडियलमध्ये, की वरच्या आडव्या तारांमध्ये? पाव तरंगलांबीच्या १२० रेडियल घालाव्यात हा प्रसिद्ध सल्ला येथे निरुपयोगी ठरतो, कारण १३७ किलोहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ५४७ मीटर भरते. माझे स्वतःचे मत असे आहे की आधी अर्थिंग भक्कम करावे आणि मगच वरच्या भागाकडे पाहावे. ते चूक असल्यास कृपया आकड्यांसह सांगावे.

ओळंबा

आपण आकडे मागितले हे फार चांगले केले, कारण या पट्ट्यांवर अंदाज पदोपदी फसतो.

लहान उभ्या अँटेनाचा प्रारण-रोध (रेडिओलहरी म्हणून बाहेर पडणारी शक्ती दाखवणारा रोध) उंची आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो. नुसती १० मीटरची उभी तार घेतली, तर प्रवाह पायथ्याशी पूर्ण आणि माथ्याशी शून्य असतो, आणि १३७ किलोहर्ट्झला प्रारण-रोध अवघा ०.००८ ओहमच्या आसपास येतो. आपली ३० मीटरची आडवी तार जोडली की चित्र बदलते. उभ्या तारेची धारिता मीटरमागे ६ पिकोफॅरड आणि आडव्या तारेची ५ पिकोफॅरड धरली, तर एकूण सुमारे २१० पिकोफॅरड होतात. त्यांपैकी १५० वरच्या तारेत असल्यामुळे माथ्याशीही पायथ्याच्या सुमारे ७० टक्के प्रवाह टिकून राहतो आणि परिणामी उंची (प्रारणाच्या दृष्टीने मोजली जाणारी उंची) साडेआठ मीटर मिळते. प्रारण-रोध ०.०२४ ओहमवर, म्हणजे जवळजवळ तिप्पट होतो, आणि त्यासाठी खांब एक मीटरनेही वाढवावा लागत नाही.

आता तोट्याचा हिशोब पाहा. जमीन, परिसर आणि कॉइल मिळून ६० ओहम धरू, जे अशा जागेसाठी अवास्तव नाही. १०० वॅट दिल्यास अँटेनात १.३ ॲम्पिअर प्रवाह वाहतो, प्रत्यक्ष प्रारण ०.०४ वॅट होते आणि ईआयआरपी (सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतली शक्ती) ०.१२ वॅटच्या जवळ येते. या पट्ट्यासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा १ वॅट ईआयआरपी आहे, आणि तेथे पोहोचण्यासाठी याच अँटेनाला ८०० वॅटपेक्षा जास्त शक्ती लागेल.

याउलट ४७५ किलोहर्ट्झला त्याच तारेचा प्रारण-रोध ०.२९ ओहम होतो. तेथे तोटा ४० ओहम धरला तरी ५० वॅटच्या आतच १ वॅट ईआयआरपी मिळते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की सुरुवात ६३० मीटरवर करावी. दुसरा सल्ला आपल्या मताच्या विरुद्ध आहे: आधी वरची तार. एका तारेऐवजी मीटरभर अंतरावर दोन समांतर तारा ताणल्या, तर आडव्या भागाची धारिता दुप्पट होत नाही, परंतु सुमारे दीडपट नक्की होते. मग लोडिंग कॉइल (आखूड अँटेना हव्या वारंवारतेला जुळवणारे वेटोळे) लहान होते, तिच्यातला तोटा घटतो, विद्युतदाब उतरतो आणि विद्युतक्षेत्र अधिक विस्तृत जमिनीवर पसरल्यामुळे जमिनीतला तोटाही कमी होतो. तारेच्या एका वाढीव लांबीने चार लाभ मिळवून देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

भूस्तर

वरच्या तारेविषयी ओळंबा यांच्याशी मी सहमत आहे, परंतु अर्थ रॉडला या चर्चेत कमी लेखले जाऊ नये असे वाटते.

उच्च वारंवारतेवर काम करणाऱ्यांच्या मनात रॉड निरुपयोगी असल्याचे पक्के बसलेले असते, आणि तेथे ते बव्हंशी खरेही आहे. मात्र प्रवाह जमिनीत किती खोल उतरतो हे वारंवारतेवर अवलंबून असते. मातीची रोधकता २०० ओहम-मीटर धरली, तर स्किन डेप्थ, म्हणजे प्रवाह प्रामुख्याने ज्या खोलीपर्यंत वाहतो ती, १.८ मेगाहर्ट्झला सुमारे ५ मीटर, ४७५ किलोहर्ट्झला १० मीटर आणि १३७ किलोहर्ट्झला १९ मीटर येते. म्हणजे २२०० मीटरच्या पट्ट्यावर अडीच मीटरचा रॉड पूर्णपणे त्या थराच्या आत असतो आणि तो खरोखर प्रवाह वाहून नेतो.

अशा मातीत अडीच मीटरच्या एका रॉडचा रोध ७५ ते ८० ओहम भरतो. एकमेकांपासून लांबीच्या निदान दुप्पट अंतरावर चार रॉड ठोकून जोडले, तर तो पंचविशीच्या आसपास येतो. रॉड जवळजवळ ठोकले तर एकाच मातीवर सर्वांचा भार पडतो आणि लाभ फारसा होत नाही. ओलसर चिकणमातीत हेच आकडे पाव पट होऊ शकतात, खडकाळ जमिनीत कित्येक पट. म्हणून रॉड की रेडियल याचे उत्तर माती पाहिल्याशिवाय देता येत नाही.

तारयंत्र

भूस्तर यांच्या पहिल्या वाक्याशीच माझा मतभेद आहे. रॉडचा जो रोध आपण मोजतो तो कमी वारंवारतेचा असतो, आणि अँटेनाचा परतीचा प्रवाह एका बिंदूतून जमिनीत शिरत नाही. वरच्या तारेपासून जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर विद्युतक्षेत्राच्या रेषा उतरतात, तेथून प्रवाह मातीतून पायथ्याकडे येतो आणि वाटेत उष्णता निर्माण करतो. त्याला मातीऐवजी तांब्याची वाट देणे हेच रेडियलचे काम आहे. पायथ्याशी ठोकलेला रॉड ३० मीटर दूर उतरलेल्या प्रवाहाला कोणतीही मदत करीत नाही.

ब्राउन, ल्युइस आणि एप्स्टाइन या अभियंत्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग ३ मेगाहर्ट्झवर आणि ११३ रेडियलपर्यंत झाले होते. १२० चा आकडा त्यातूनच रूढ झाला. त्या कामातला खरा बोध मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: रेडियल थोड्या असतील तर त्या फार लांब करण्यात अर्थ नसतो, आणि संख्या वाढली तरच लांबीचे चीज होते. दीर्घलहर यांच्या जागेत ५० मीटरच्या चार रेडियल बसणारही नाहीत आणि बसल्या तरी त्या वाया जातील. त्याऐवजी १० ते १५ मीटरच्या वीस रेडियल घालाव्यात, आणि त्याही शक्यतो आडव्या तारेच्या खाली दाट.

ओळंबा

तारयंत्र यांचे म्हणणे पायथ्याच्या रॉडबाबत बरोबर आहे. भूस्तर मात्र अंतरावर ठोकलेल्या रॉडविषयी बोलत आहेत असे मला वाटते. रेडियलच्या टोकाशी रॉड असेल तर दोघांचे म्हणणे एकत्र नांदू शकते, आणि १३७ किलोहर्ट्झवर तसा संयोग उपयोगी पडतो. १.८ मेगाहर्ट्झवर तो कष्टाच्या मानाने फार थोडे देतो.

भूस्तर

होय, मला तेच अभिप्रेत होते. टोकाशी रॉड, मध्ये रेडियल.

तारयंत्र

मग मतभेद पुष्कळ कमी झाला. तरीही वीस रेडियल आणि शून्य रॉड यांची तुलना आठ रेडियल आणि चार रॉड यांच्याशी एकाच जागेवर मोजून पाहिल्याशिवाय मी रॉडच्या बाजूने जाणार नाही.

येथे एक गोष्ट नव्या सभासदांसाठी सांगतो, कारण तिच्यामुळे अनेकांची दिशाभूल होते. १६० मीटरवर १५ मीटर उभ्या भागाची इन्व्हर्टेड एल (आधी उभी आणि माथ्यावरून आडवी वळलेली तार) लावली आणि दोनचार रेडियल घातल्या, तर बहुधा एसडब्ल्यूआर (अँटेना व केबल यांची जुळणी दाखवणारे गुणोत्तर) उत्तम दिसतो. तशा अँटेनाचा प्रारण-रोध १२ ते १५ ओहम असतो आणि उरलेले ३५ ओहम जमिनीतल्या तोट्याचे असतात. बेरीज ५० होते आणि मीटर समाधान देतो. रेडियल वाढवत गेलात की एकूण रोध उतरतो, एसडब्ल्यूआर बिघडतो आणि अँटेना सुधारत असते. त्यानंतर जुळणी ट्रान्सफॉर्मरने करावी. रेडियल काढून करू नये.

गुंडाळी

कॉइल आणि विद्युतदाब यांचा विषय ओळंबा यांनी एका वाक्यात संपवला, परंतु धोका तेथेच आहे.

२१० पिकोफॅरडचा रिॲक्टन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला धारितेचा होणारा विरोध) १३७ किलोहर्ट्झला सुमारे ५५०० ओहम असतो. तो रद्द करून अनुनाद साधण्यासाठी साधारण ६.४ मिलिहेन्रीची कॉइल लागते: ३० सेंटिमीटर व्यास, ५० सेंटिमीटर लांबी आणि दोनशेच्या थोडे वर वेढे. तार सुमारे २०० मीटर लागते. कॉइलचा क्यू (रिॲक्टन्स भागिले तिचा रोध) ३०० असेल तर तिचाच रोध १८ ओहम होतो. त्यामुळे जमिनीतला तोटा ४० वरून ३० वर आणण्यासाठी उन्हातान्हात खणणाऱ्याने आधी कॉइलचा क्यू पाहावा, कारण १० ओहम तेथेही वाचू शकतात. या वारंवारतेवर तांब्यातील स्किन डेप्थ ०.१८ मिलिमीटर असते, म्हणून जाड एकसंध तारेपेक्षा लिट्झ तार (वेगवेगळे इन्सुलेशन असलेल्या अनेक बारीक धाग्यांची) बरी. साचा पॉलिथिनचा असावा. काळ्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन असू शकतो, आणि असा साचा तापून वितळल्याची उदाहरणे आहेत.

१.३ ॲम्पिअर प्रवाहाला कॉइलच्या वरच्या टोकाशी ७००० व्होल्ट असतात आणि शिखरमूल्य १०,००० व्होल्ट. पूर्ण १ वॅट ईआयआरपीसाठी ३.७ ॲम्पिअर लागतात, म्हणजे २०,००० व्होल्ट. तारेची टोकदार टोके कोरोना (हवेतला विद्युतस्राव) निर्माण करतात, म्हणून त्यांना वळवून गोल करावे. इन्सुलेटर लांब हवेत, पावसात ओले झाले तरी वाट न देणारे हवेत. कॉइल मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाताबाहेर, कुलूपबंद खोक्यात असावी. ६३० मीटरवर हाच दाब १ वॅट ईआयआरपीसाठी १७०० व्होल्टच्या आसपास राहतो. तोही प्राणघातक आहेच, फक्त इन्सुलेशनसाठी थोडा सोपा.

नवहॅम

ओळंबाकाका, माझ्याकडे मोकळी जमीन नाही. घराच्या विद्युत जोडणीचे अर्थिंग तयार असताना तेच अँटेनासाठी वापरले तर चालेल का?

रोहित्र

ओळंबा उत्तर देतीलच, परंतु हा सुरक्षेचा प्रश्न असल्याने मी लगेच लिहितो. वापरू नये.

अर्थिंग या एका नावाखाली तीन वेगळी कामे येतात. पहिले काम विद्युत दोष झाल्यास फ्यूज किंवा ब्रेकर पडावा हे. दुसरे आकाशातली वीज आणि स्थिर विद्युत सुरक्षितपणे उतरवणे. तिसरे अँटेनाच्या परतीच्या प्रवाहाला कमी रोधाची वाट देणे. घराची अर्थ तार पहिल्या कामासाठी असते. तिच्यातून रेडिओ प्रवाह सोडला तर तो साऱ्या घराच्या वायरिंगमध्ये फिरतो, आणि घरातल्या स्विच मोड पॉवर सप्लायचा आणि एलईडी ड्रायव्हरचा गोंगाट त्याच वाटेने अँटेनात येतो.

म्हणून घराचे आणि अँटेनाचे अर्थिंग एकमेकांपासून कायमचे तोडून ठेवावे असे मात्र नाही. वीज कोसळताना त्यांच्यात प्रचंड दाब निर्माण होऊ शकतो, म्हणून बहुतेक ठिकाणचे नियम त्यांना जाड वाहकाने जोडण्यास सांगतात. रेडिओ प्रवाह वेगळा ठेवण्यासाठी पायथ्याशी दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा जुळणी ट्रान्सफॉर्मर वापरावा, म्हणजे कोॲक्स केबलच्या बाहेरील आवरणावर अँटेनाचा प्रवाह येत नाही. कोॲक्सचे आवरण घरात शिरण्याच्या जागी अर्थ करावे.

ज्या पुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकाच वाहकातून येतात तेथे विशेष काळजी हवी. तो वाहक तुटला तर घराच्या अर्थवर जिवंत दाब येतो आणि आपल्या रेडियलमधून तो प्रवाह जमिनीत वाहू लागतो. अशा ठिकाणी जोडणीचा निर्णय परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा.

ओळंबा

रोहित्र यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य मान्य. नवहॅम, जमीन नसेल तर प्रेषणाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि ग्रहणापासून सुरुवात करा. या पट्ट्यांवर ऐकणे हे स्वतंत्र शास्त्र आहे.

निरवपट्टा

ग्रहणाचा विषय निघाला म्हणून लिहितो. प्रेषणाची मोठी अँटेना ऐकण्यासाठीही वापरण्याचा मोह टाळावा. या वारंवारतांवर वातावरणाचा आणि परिसराचा गोंगाट इतका असतो की अँटेनाची कार्यक्षमता ग्रहणाला जवळजवळ अप्रस्तुत ठरते. महत्त्व असते ते गोंगाटापासून दूर राहण्याला.

एक मीटर बाजूचा लूप (तारेची बंद चौकट) फिरवून त्याची न ऐकणारी दिशा, म्हणजे शून्य, गोंगाटाकडे लावता येते, आणि तेवढ्याने ऐकू न येणारे संदेश वर येतात. लहान सक्रिय व्हिप (प्रवर्धक जोडलेली आखूड उभी अँटेना) उत्तम चालते, परंतु तिची परतीची वाट म्हणजे तिची केबलच असते. त्यामुळे केबलवरून घरातला गोंगाट थेट तिच्यात शिरतो. व्हिप घरापासून दूर न्यावी, तिच्या पायथ्याशी छोटा स्वतंत्र रॉड ठोकावा आणि केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. उच्च वारंवारतेसाठी घेतलेला ३१ क्रमांकाच्या फेराइटचा चोक (केबलच्या आवरणावरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) १३७ किलोहर्ट्झला पुरेसा अडसर करीत नाही. तेथे ७५ क्रमांकासारखे, सुमारे ५००० पारगम्यतेचे फेराइट हवे.

जुनेकेंद्र

तारयंत्र आणि भूस्तर यांच्या वादाला शंभर वर्षांपूर्वीचे एक उत्तर स्वीडनमधल्या ग्रिमेटन येथे आजही उभे आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो.

१९२४ साली सुरू झालेले ते रेडिओ केंद्र १७.२ किलोहर्ट्झचे आहे. तेथे १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे सुमारे दोन किलोमीटरच्या रांगेत आहेत आणि त्यांच्यावरून लांब आडव्या तारा जातात. सर्व प्रवाह एकाच पायथ्याशी जमिनीत उतरवला असता, तर तोटा असह्य झाला असता. त्या केंद्राच्या प्रेषकाचे रचनाकार ॲलेक्झांडरसन यांनी प्रत्येक मनोऱ्याशी स्वतंत्र उतरती तार, स्वतंत्र कॉइल आणि स्वतंत्र अर्थ दिली. त्यामुळे प्रवाह सहा ठिकाणी वाटला गेला, प्रत्येक ठिकाणी मातीतले अंतर कमी झाले आणि सहा भूरोध समांतर जोडल्यासारखे झाले. त्या काळी एवढ्या स्वच्छ विचाराने हा प्रश्न सोडवला गेला याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

दीर्घलहर यांच्या ३० मीटर तारेच्या दुसऱ्या टोकाला आधाराचा खांब लागणारच आहे. तेथेही कॉइल आणि अर्थ देऊन ६३० मीटरवर दोन उतरत्या तारांचा प्रयोग करता येईल.

गुंडाळी

प्रयोग सुंदर आहे, परंतु दोन्ही कॉइल एकत्र अनुनादात ठेवणे कष्टाचे आहे. ओळंबा यांच्या उदाहरणात अँटेनाची बँडविड्थ १३७ किलोहर्ट्झला अवघी दीड किलोहर्ट्झ येते. पावसाने धारिता किंचित बदलली तरी अनुनाद सरकतो, म्हणूनच व्हेरिओमीटर लागतो: मोठ्या कॉइलच्या आत फिरणारी लहान कॉइल. पहिल्या उभारणीत एकच पुरे.

पानगळ

झाडांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून आश्चर्य वाटते. वरच्या तारेखाली किंवा शेजारी झाडे असतील, तर विद्युतक्षेत्राच्या रेषा जमिनीऐवजी पानाफांद्यांवर उतरतात आणि ओल्या लाकडातून प्रवाह खाली येतो. त्या वाटेवर रेडियल काहीच करू शकत नाहीत. शिवाय झाड अर्थशी जोडलेल्या खांबासारखे वागते आणि परिणामी उंचीही घटते. पाने भरलेल्या काळात एकूण रोध वाढतो आणि पानगळीनंतर उतरतो, हे मोजणाऱ्यांना दरवर्षी दिसते. तार झाडापासून दोनतीन मीटर जरी दूर नेता आली तरी फरक पडतो.

दीर्घलहर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी अर्थिंग हे माझे मत मी मागे घेतो.

या चर्चेनंतर माझा बेत असा आहे. पहिली उभारणी ६३० मीटरसाठी, १० मीटर उभी तार आणि वर मीटरभर अंतरावर ३० मीटरच्या दोन तारा. खाली तारेच्या रेषेत दाट आणि बाजूंना विरळ अशा १० ते १५ मीटरच्या इन्सुलेशनसह रेडियल, गवताच्या पातळीवरच. रॉड तूर्त फक्त आकाशातल्या विजेपासून संरक्षणासाठी. १३७ किलोहर्ट्झला जाताना रेडियलच्या टोकांशी आणखी रॉड. ग्रहणासाठी वेगळा लूप, घरापासून दूर.

एक शंका उरते. सुधारणा झाली की नाही हे खात्रीने कसे ओळखावे? एसडब्ल्यूआर फसवतो हे समजले, आणि दूरच्या स्थानकांचे अहवाल रोजच्या प्रसारणस्थितीनुसार बदलतात.

ओळंबा

पायथ्याशी अँटेना प्रवाह मोजावा. फेराइट रिंगमधून अँटेनाची तार नेऊन, रिंगवर काही वेढे आणि त्यांवर ५० ओहमचा रोध टाकला की प्रवाहमापक तयार होतो. दिलेली शक्ती आणि प्रवाहाचा वर्ग यांचा भागाकार म्हणजे एकूण रोध. वरची तार तीच ठेवून जमिनीत बदल केला, तर प्रवाहातली वाढ ही निखळ सुधारणा असते, कारण ईआयआरपी प्रवाहाच्या वर्गाबरोबर वाढते. वरची तार बदललीत तर मात्र परिणामी उंचीचा हिशोब नव्याने करावा लागेल. एका वेळी एकच बदल करावा.

तारयंत्र

तोच मापक प्रत्येक रेडियलवर लावून पाहा. प्रवाह सर्व रेडियलमध्ये सारखा कधीच नसतो. ज्या दिशेला तो जास्त आहे तिकडे आणखी रेडियल घाला.

भूस्तर

आणि १३७ किलोहर्ट्झसाठी रॉड ठोकाल, तेव्हा ते सुटे करता येतील अशा क्लॅम्पने जोडा. कोरड्या जमिनीत एकदा आणि चांगल्या पावसानंतर एकदा, रॉड जोडून आणि सोडून, असे चारही आकडे येथे लिहा. तारयंत्र यांना हवी असलेली तुलना त्यातूनच मिळेल, आणि त्या आकड्यांसोबत माती कोणत्या प्रकारची आहे हेही अवश्य कळवा.